दाराबाहेरची पाच मिनिटं

“तू नीघ आता,” आई माझ्या कानाशी येऊन पुटपुटली. “त्याचं लक्ष नाही तोवर.”

“सांगून जायचं असतं आई. उटेने दहादा बजावलंय.”

“सांगितलंस की तो पायाला मिठी मारणार. मग तो रडणार, तू रडणार, आणि तुझी बस जाणार. पहिल्याच दिवशी ऑफिसात उशिरा पोचायचंय का? जा. मी आहे की इथं.”

मी काही बोलायच्या आत ती खिडकीशी गेली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाणाऱ्या आपल्या त्या खास आवाजात म्हणाली, “तनू! अरे, ससा! तो बघ, झुडपाखाली शिरला!”

तनय हातातला लाकडी ठोकळा टाकून खिडकीकडे धावला. मी पर्स उचलली, मोज्यांवरच बाहेरच्या पॅसेजमध्ये आले, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि बूट हातात घेऊन फाटकापर्यंत गेले. मागून रडण्याचा आवाज आला नाही. बसमध्ये बसल्यावर मला आईचं कौतुकच वाटलं. बागेत ससा नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला जाऊन आता सात महिने झाले. तिच्या शेवटच्या आजारात मी जवळ होते, पण तिची आठवण येते ती त्या दिवसांतली नाही. जर्मनीतल्या एका किंडरगार्टनमध्ये ती वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसली आहे, अंगावर सुती साडी, वरून माझ्या नवऱ्याचा जुना स्वेटर, पायात लोकरी मोजे, आणि गुडघे पार हनुवटीशी आलेत, अशी ती मला दिसते.

त्या वर्षी आम्ही पुण्याहून श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहायला गेलो होतो. जुई सहा वर्षांची होती, तनय चार. माझा नवरा श्रीकांत सोमवार ते गुरुवार दुसऱ्या शहरात कामाला असायचा. मलाही एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती, पहिले सहा महिने पारखून घेण्याच्या बोलीवर. जुई शाळेत जाईल, तनय किंडरगार्टनमध्ये रुळेल, मी कामाला लागेन, आणि हे सगळं मार्गी लागेपर्यंत घर सांभाळायला आई तीन महिने येईल, असं आम्ही ठरवलं होतं. जुईचं सोपं गेलं. दुसऱ्या आठवड्यात ती शेजारच्या मुलीशी जर्मनमध्ये भांडली आणि घरी येऊन म्हणाली, “आई, ती हरली.” प्रश्न तनयचा होता.

तिथली रीत अशी की नव्या मुलाबरोबर घरचं माणूस पहिले काही दिवस वर्गातच बसतं. मग एक दिवस ते मुलाला सांगून पाच मिनिटं बाहेर जातं. मूल रडतं, बाई जवळ घेतात, माणूस परत येतं. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, मग अर्धा तास. दोन-तीन आठवडे असंच चालतं. मला कामाला लागायच्या आधी एकच आठवडा मिळाला होता. तो मी तनयजवळ बसून घालवला, आणि पाच मिनिटांपर्यंत आमची मजल गेलीच नव्हती.

आईला हे सगळे श्रीमंतांचे चोचले वाटत होते. तिने इचलकरंजीत सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली होती. आसपास सगळे यंत्रमागांचे कारखाने. मुलांच्या आया कांड्या भरायच्या कामाला जायच्या, त्यांना आठच्या ठोक्याला हजर व्हावं लागायचं. आई पोराला कडेवर घ्यायची, खिडकीतून चिंचेचं झाड दाखवायची, “तो बघ पोपट!” म्हणायची आणि तेवढ्यात पोराची आई मागच्या दाराने पसार व्हायची. तीन दिवस रडारड, चौथ्या दिवशी पोर गाणी म्हणायला लागायचं. “त्या चिंचेवर आजवर एकही पोपट बसलेला नाही,” असं बाबा म्हणायचे, “पण गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलाय.”

या बाबतीत आमच्या घरात माझंही उदाहरण दिलं जायचं. मी साडेतीन वर्षांची असताना आई मला मिरजेला माईमावशीकडे ठेवून वर्षभर पुण्याला बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करायला गेली होती. “आणि रेवा एकदासुद्धा रडली नाही,” हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मामा सांगायचा, काकू सांगायच्या. मला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नव्हतं, तरी अभिमान वाटायचा. आई तेवढी ही गोष्ट सांगायची नाही. हे मात्र माझ्या खूप उशिरा लक्षात आलं.

त्या पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला प्रयोगशाळेत फोन आला. तनयच्या बाई, उटे. पन्नाशीची, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांची, कधीही घाईत नसलेली बाई.

“तो रडत नाहीये,” ती म्हणाली. “म्हणून फोन केला.”

मी पोचले तेव्हा तनय पॅसेजमधल्या बाकावर बसला होता. तिथे प्रत्येक मुलाच्या नावाचा एक हूक असे आणि त्यावर एक चित्र. तनयचं चित्र गोगलगायीचं. त्या गोगलगायीखाली तो जाकिट घालून, बूट घालून बसला होता. बूट स्वतःच घातलेले दिसत होते, कारण डावा उजव्या पायात होता. शेजारी आई बसली होती. तिच्या हातात केळं होतं, अर्धं सोललेलं.

मला वाटलं होतं तो धावत येईल. तो आला नाही. उतरून हळू चालत आला, माझ्या कोटाचं टोक मुठीत धरलं आणि दाराकडे बघत उभा राहिला.

“सकाळपासून असाच आहे,” आई म्हणाली. “संडासात बघून आला, झोपायच्या खोलीत बघून आला. टेबलांखाली वाकून बघितलं. मग इथं येऊन बसला. बूट काढू देत नाही.”

“तू काय म्हणालीस त्याला?”

“म्हटलं, येईल आई.” ती केळ्याकडे बघत होती. “त्याने माझ्याकडे बघितलं नाही.”

घरी आल्यावरही बूट निघाले नाहीत. मी संडासात गेले तर तो दाराबाहेर उभा. जेवायला बसलो तेव्हा जुई ओरडली, “आई, तनय बूट घालून जेवतोय! आजी, बघ ना!”

“जेवू दे,” आई म्हणाली.

जुई तिच्याकडे बघतच राहिली. मीही. पायताण उंबऱ्याच्या आत आलेलं आईला आयुष्यात खपलं नव्हतं. पोस्टमनसुद्धा तिच्या दारात चपला काढायचा. ती उठली आणि जेवण तसंच टाकून ओटा पुसू लागली. तनय त्या दिवशी बूट घालूनच झोपला. मी ते काढायला गेले तर आईने माझा हात धरला. “राहू दे. जागा झाला तर घाबरेल.”

दुसऱ्या दिवशी उटेने आम्हाला दोघींना बोलावलं. तिने कॉफी दिली. मी जर्मनमधून मराठीत, मराठीतून जर्मनमध्ये सांगत होते.

“ससा नव्हता,” उटे म्हणाली.

मी ते आईला सांगितलं नाही, पण आईने सूर ओळखला. “रागावली आहे ना? सांग तिला, ही माझी चूक आहे म्हणावं. तुझी नव्हे.”

“मी रागावलेली नाही,” उटे म्हणाली. “पण तनय कालपासून खिडकीकडे गेलेला नाही. बाकीची मुलं पक्षी बघायला बोलावतात, हा जात नाही. त्याला वाटतं, बाहेर बघितलं की आतलं माणूस नाहीसं होतं.”

हे मी आईला सांगितलं. आईने कॉफीचा कप खाली ठेवला.

“मग आता काय करायचं म्हणते ती?”

“पुन्हा पहिल्या दिवसापासून. कोणीतरी रोज वर्गात बसायचं. जाताना सांगूनच जायचं. निदान तीन आठवडे.” मी हिशोब करत होते. तीन आठवड्यांची रजा मागितली असती तर नोकरीच राहिली नसती, आणि श्रीकांतलाही सुट्टी नव्हती. “आई, मला नाही जमणार. मी त्यांना सांगते की आत्ता नोकरी...”

“मी बसते,” आई म्हणाली.

“तुझे गुडघे?”

“गुडघ्यांचं मी बघते. तिला एक विचार. सांगून गेलं आणि तो रडला तर?”

“रडेल,” उटे म्हणाली. “मी त्याच्याजवळ असेन.”

“किती वेळ रडेल?”

“रडणं संपेपर्यंत.”

“आणि जो बाहेर गेला, त्याने काय करायचं?”

उटेला हा प्रश्न कोणी कधी विचारला नसावा. तिने जरा विचार केला. “पॅसेजमध्ये बाक आहे. कॉफीही आहे. काही जण तिथे बसून रडतात.”

आईने मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात बसायला लागली. मी दोघांना फाटकाशी सोडायची, तनयसमोर वाकून म्हणायची, “मी कामाला चालले, आजी तुझ्याजवळ आहे, चार वाजता येईन.” तो माझ्याकडे न बघता आजीचा पदर धरायचा. त्याच्या बुटांवर उटेने निळ्या प्लास्टिकच्या टोप्या चढवून दिल्या होत्या, नळदुरुस्तीवाले घरात शिरताना घालतात तशा. त्याबद्दल वर्गात कोणी काही बोललं नाही. जुई मात्र बोलली.

“आजी बालवाडीत नापास झाली,” ती श्रीकांतला फोनवर सांगत होती. “परत पहिल्यापासून बसलीये.”

“खरं आहे,” आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. “बाई कडक आहेत.”

तिला बसून राहणं जमणारं नव्हतंच. चौथ्या दिवशी तिने मुलांच्या चिकणमातीचा डबा पुढे ओढला आणि बैल करायला घेतले. आमच्याकडे बेंदराच्या सणाला मातीचे बैल करतात, वशिंडाचे, वळलेल्या शिंगांचे. आठवड्याअखेर खिडकीच्या कट्ट्यावर अकरा बैल उभे राहिले. एका मुलीने आपल्या बैलाला पंख लावले होते. आईने ते तसेच राहू दिले. मुलं तिला ओमा, म्हणजे तिकडच्या भाषेत आजी, म्हणायला लागली. ती त्यांच्याशी सरळ मराठीत बोलायची. “अरे फेलिक्स, शिंग असं दाबू नको, मोडतंय बघ.” आणि फेलिक्स शिंग हळू दाबायचा.

तनयने बैल केला नाही. तो तिच्या खुर्चीला पाठ लावून बसायचा आणि माती नुसती मळायचा.

पहिली पाच मिनिटं ठरली ती पुढच्या शुक्रवारी. मी मुद्दाम अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून गेले, पण वर्गात शिरले नाही. पॅसेजमध्ये गोगलगायीखालच्या बाकावर बसले. दाराला छातीच्या उंचीपासून वर काच होती आणि तिच्यावर मुलांनी रंगीत कागदाची पानं चिकटवली होती, त्यामुळे आतलं फारसं दिसत नव्हतं. आईचा आवाज तेवढा आला.

“तनू, इकडे बघ. माझ्याकडे बघ. मी पाच मिनिटं दाराबाहेर जाणार आहे. मग परत येणार आहे. उटेबाई तुझ्याजवळ आहेत.”

“नको.”

“जाणार आहे रे बाळा. सांगून जाते.”

दार उघडलं, आई बाहेर आली, दार बंद झालं. क्षणभर काहीच नाही. मग आतून असा आवाज आला की मी उभीच राहिले. तनयला रडताना मी हजारदा ऐकलं होतं. हे वेगळं होतं. त्या पहिल्या दिवशी न रडलेलं सगळं त्यात होतं.

“आजीऽऽ! आजीऽऽ!”

“किती झालं?” आईने विचारलं.

“अर्धं मिनिट.”

“घड्याळ नीट बघ.”

“नीटच बघतेय.”

ती भिंतीला टेकली. मग पुढे होऊन तिने दाराची मूठ धरली. मी तिच्या हातावर हात ठेवला.

“आई, नको.”

“ऐकू येतंय ना तुला?”

“येतंय.”

“मग सोड की हात. असं कोण करतं पोराला? शत्रूसुद्धा करत नाही.”

“उटे आहे त्याच्याजवळ. आत्ता गेलीस तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.”

“मला नाही जमत हे, रेवा. मी नेहमी आत असायचे. रडणाऱ्या पोराजवळ. सत्तावीस वर्षं. बाहेर उभं राहणं मला ठाऊकच नाही.” तिचा हात मुठीवर घट्ट होता. “एकदाच बाहेर होते. तेव्हा थांबले नाही.”

“कधी?”

“तुला माईकडे ठेवलं तेव्हा.”

मी हसून काहीतरी बोलायला गेले. “पण मी तर रडलेच नव्हते ना?”

“रडली नाहीस हे खरं.” ती काचेवरच्या कागदी पानांकडे बघत बोलत होती. “माईच्या परसात कोंबडीची पिल्लं होती. म्हटलं, रेवा, बघ किती आहेत, मोज बरं. तुला तेव्हा पाचपर्यंत यायचं. पिल्लं नऊ होती. तू पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मोजत होतीस. तेवढ्यात मी पुढच्या दाराने निघाले. टांगा उभाच होता. मागं वळून बघितलं नाही.”

आत तनयचं रडणं सुरूच होतं. आता त्यात मध्ये मध्ये श्वास घ्यायला जागा होत होती.

“दहा दिवसांनी पुण्याला माईचं पत्र आलं. पोर गुणाची आहे, अजिबात रडत नाही, तू निश्चिंत राहा. आणि खाली एक ओळ होती. चार दिवस पायातली चप्पल काढू देत नव्हती, झोपतानासुद्धा. आता काढते.”

मी तिच्या हातावरचा हात काढला नाही. माझे पाय मला एकदम जाणवायला लागले होते, मोज्यांतले, त्या थंड फरशीवर.

“हे तू कधी सांगितलं नाहीस.”

“काय सांगणार? तुझ्या बाबांनाही ते पत्र दाखवलं नाही. कोर्स सोडून परत ये म्हणाले असते.” तिने पदराने नाक पुसलं. “आणि कोर्समध्ये आम्हाला हेच शिकवलं. मुलाचं लक्ष दुसरीकडे वेधावं आणि पालकांनी निघून जावं. वहीत उतरवून घेताना मला इतकं बरं वाटलं, रेवा. इतकं बरं वाटलं.”

तिने दाराला कान लावला.

“दिवाळीला आले तर तू जवळ आली नाहीस,” ती म्हणाली. “माईच्या मागून बघत होतीस. सगळे म्हणाले, लाजतेय.” मग, “किती झालं?”

“चार.”

तिने मूठ सोडली. दोन्ही हात पोटाशी धरले आणि शेवटचं मिनिट ती तशीच उभी राहिली, एखादी शिक्षा उभ्याने ऐकावी तशी.

उटेने दार उघडलं. तनय तिच्या कडेवर होता, चेहरा लाल, नाक वाहत असलेलं. खाली उतरून तो सरळ आजीकडे आला आणि मुठीने तिच्या मांडीवर मारलं. एकदा, दोनदा, जोरात. आईने त्याला मारू दिलं. मग तो थांबला.

“कुठे होतीस?”

“दाराबाहेर.”

“इथेच?”

“इथेच.”

त्याने वाकून पॅसेजमध्ये बघितलं. बाक, हूक, मी. माझ्याकडे बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही. मग त्याने आजीचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेला. दार बंद व्हायच्या आत उटेने मला विचारलं, “कॉफी?”

मी घेतली.

सोमवारी दहा मिनिटं झाली. मंगळवारी अर्धा तास, त्यात वीस मिनिटं रडणं. बुधवारी आई बाहेर असताना त्याने एक बूट काढला. फक्त एक. दुसरा शुक्रवारपर्यंत पायात होता, त्यावरची निळी टोपी फाटून लोंबत होती. शुक्रवारी तोही निघाला. उटेने तो उचलून गोगलगायीखाली ठेवला आणि याबद्दल कोणाशी चकार शब्द काढला नाही. मला आईने सांगितलं, बसमधून येताना, खिडकीबाहेर बघत.

ऑक्टोबर संपेपर्यंत तनय दिवसभर राहू लागला. आई सकाळी त्याला सांगून घरी परतायची, स्वयंपाक करायची, जुईकडून जर्मन आकडे शिकायची. उटेशी तिची दोस्ती झाली होती. कोणत्या भाषेत, ते मला कधी कळलं नाही. एकदा उटे मला म्हणाली, “तुमच्या आईने मला विचारलं, माझ्या हातून असं कधी झालंय का.” मी विचारलं, मग? “मी म्हणाले, पहिली दहा वर्षं आम्हीही तसंच करायचो.”

नोव्हेंबरच्या मध्याला आई परत निघाली. विमान दुपारी साडेतीनचं. तनयला सकाळी किंडरगार्टनमध्ये सोडलं की चारपर्यंतची चिंता नव्हती.

“त्याला नेहमीसारखं सोडून येऊ,” मी बॅगेला कुलूप लावताना म्हणाले. “तू गेलीस हे संध्याकाळी मी सांगते त्याला, हळूहळू. जुईला कळतं, तिचं ठीक आहे. पण त्याचं उगाच रडणं, आणि मग तुझं.”

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी तिला साडेतीन वर्षांची दिसत असेन, असं मला वाटून गेलं.

“नको,” ती म्हणाली. “मी येते फाटकापर्यंत. आतपर्यंत.”

वर्गात ती त्याच्यासमोर खाली बसली. गुडघे वाजले.

“तनू, मी आज इंडियाला जाणार आहे. विमानाने. आज दुपारी तू घरी येशील तेव्हा मी नसेन.”

“पाच मिनिटं?”

“नाही. पाच मिनिटं नाही.”

“दहा?”

“खूप दिवस. उन्हाळ्यात तुम्ही याल माझ्याकडे.”

तो विचार करत होता. मग त्याचा ओठ वाकडा झाला. “मग नको जाऊस.”

“जायचंय मला. म्हणून सांगायला आले.”

तो रडला. तिच्या स्वेटरला तोंड लावून, नंतर उटेच्या. आई उठली, दाराशी गेली, वळली आणि हात हलवला. त्याने रडत रडत हात हलवला. आम्ही पॅसेजमध्ये आलो. मी तिचा कोट पुढे केला, पण ती बाकावर बसली.

“आई, ट्रेन आहे.”

“आहे की वेळ.”

ती बसून राहिली, आतला आवाज ऐकत. तो बारीक झाला. मग थांबला. मग कोणीतरी हसलं, तनय असेल किंवा दुसरं कोणी. त्यानंतर तिने कोट घातला.

विमानतळावर, तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी, तिने माझी हनुवटी धरली. मी अडतीस वर्षांची होते. आजूबाजूला माणसं होती.

“रेवा, माझ्याकडे बघ. मी निघते हं आता.”

मी हो म्हणाले. ती रांगेत शिरली आणि दिसेनाशी होईपर्यंत तीनदा वळून बघत राहिली.

तनय आता सतरा वर्षांचा आहे. त्याला यातलं काहीही आठवत नाही. ओमा म्हटलं की त्याला बैल आठवतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आईचा फोन आला. ती तेव्हा सांगलीला दादाकडे राहत होती आणि आम्ही रोज संध्याकाळीच बोलायचो. सकाळी कधी नाही.

“हातातलं काम ठेव आणि बस,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“आधी बस. दादा आणि वहिनी बाहेर गेलेत, तेवढ्यात केलाय फोन. परवा माझ्या तपासण्या झाल्या. पोटात गाठ आहे. यकृतापर्यंत गेलीय. डॉक्टर म्हणतात, तीन-चार महिने.”

मी खुर्ची ओढली होती की उभीच होते, ते आठवत नाही.

“दादा काही बोलला नाही मला. काल तर फोन झाला आमचा.”

“तो म्हणाला, ती एवढ्या लांब, कशाला जिवाला घोर. मे महिन्यात येणारच आहे, तेव्हा सांगू. त्याच्यावर चिडू नकोस, मायेनेच म्हणाला. सगळी माणसं असंच म्हणतात.” तिने पाण्याचा घोट घेतलेला ऐकू आला. “पण मे महिना लांब आहे, रेवा.”

“मी येते. आत्ता तिकीट बघते.”

“ये. बघ तिकीट. पण आत्ताच नको उठूस. मी आहे फोनवर.”

“तुला दम लागेल आई. ठेव तू.”

“नाही ठेवत,” ती म्हणाली. “रड तू.”

मी रडले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. आई पलीकडे होती.